'धन्यवाद, आपली चौकशी मिळाली' आणि पीएचपीमेलर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचा फोन. अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, उसाच्या रसाची मशिनं बनवतात. त्यांची वेबसाइट मी २०१७ साली करून दिलेली.

"अरं, बारामतीचा एकजण फोनवर नुसता तापलाय. तीनदा फॉर्म भरला म्हणतोय, आणि आपल्याकडनं एक फोन न्हाई. आमच्याकडं तर कायच आलं न्हाई की रं!"

"अण्णा, स्पॅमचं फोल्डर बघितलं काय?"

"ते काय असतंय?"

तिथंच माझ्या पोटात गोळा आला. रसवंतीच्या मशिनचा सगळा धंदा जानेवारी ते एप्रिल. एकदा पाऊस पडला की पुढच्या संक्रांतीपर्यंत कोण विचारत नाही. संध्याकाळी गाडी काढली आणि त्यांच्या वर्कशॉपवर गेलो. अण्णांच्या जीमेलच्या स्पॅममध्ये अकरा चौकश्या पडलेल्या. अकराच का, तर जीमेल तीस दिवसांनी स्पॅम आपोआप पुसतं. त्याआधीच्या किती गेल्या याचा हिशोब आता कुणाकडेच नाही.

हे परीक्षण पीएचपीमेलर नावाच्या, वेबसाइटवरून मेल पाठवायला फुकट मिळणाऱ्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं आहे. पण त्याआधी मी काय करून ठेवलं होतं ते सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही. आणि दोष होस्टिंगवाल्यांचा नव्हता, माझाच होता, हेही आधीच कबूल करतो. मी मूळचा डीटीपीवाला. लग्नपत्रिका आणि सहकारी पतसंस्थांचे अहवाल लावता लावता वेबसाइटी करायला शिकलो. शिकलो म्हणजे कुठून तरी दहा ओळी उचलायच्या आणि चाललं की हात लावायचा नाही.

त्या दहा ओळींत पीएचपीचं, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचं, मेल नावाचं फंक्शन होतं. कुणाला पाठवायचं, विषय, मजकूर, वरचे हेडर, एवढं दिलं की झालं. हे फंक्शन स्वतः कुठेच जात नाही. लिनक्स सर्व्हरवर ते सेंडमेल नावाच्या प्रोग्रामच्या हातात पत्र ठेवतं आणि त्याने ते घेतलं की 'खरं' असं उत्तर देतं. ऑफिसातल्या शिपायाला पत्र दिलं, त्याने "टाकतो साहेब" म्हटलं, एवढ्यापुरतंच ते खरं. पेटीत पडलं का, पोचलं का, दारातून परत आलं का, त्याच्याशी या 'खरं'चा काही संबंध नाही. मी तर तेवढंही तपासलं नव्हतं. फॉर्म भरला की काहीही झालं तरी पुढच्या पानावर हिरव्या अक्षरांत 'धन्यवाद, आपली चौकशी मिळाली. लवकरच संपर्क करू.' आठ सीझन ते पान लोकांशी खोटं बोलत होतं.

दुसरी चूक याहून मोठी. चौकशीच्या मेलवर 'रिप्लाय' दाबला की उत्तर थेट गिऱ्हाइकाला जावं म्हणून मी 'फ्रॉम'च्या जागी गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकला होता. म्हणजे आमच्या भाड्याच्या सर्व्हरवरून निघालेलं पत्र म्हणतंय की मी याहूवरच्या अमक्या माणसाकडून आलोय. २०१७ सालीही हे चुकीचंच होतं. याहूने एप्रिल २०१४ पासूनच जगाला कळवून ठेवलंय की आमच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून पत्र आलं तर सरळ नाकारा. त्यामुळे याहूवाल्यांच्या चौकश्या दारातूनच परत, आणि जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये.

परत आलेली पत्रं कुठे गेली? होस्टिंगच्या पॅनेलमध्ये खात्याची एक मूळ पेटी असते, तिचं नाव आपण कधी घेत नाही. पाठवणारा म्हणून सर्व्हरने पाकिटावर तिचाच पत्ता घातलेला. उघडली तर आत चौसष्ट परतपत्रं. सांगोला, बार्शी, निपाणी, एक तर थेट इंदूरचं. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, 'तीन रोलरचे दोन नग, कोटेशन अर्जंट पाठवणे.' तारीख आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीची. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता पीएचपीमेलर.

ही लायब्ररी २००१ पासून आहे. ब्रेंट मॅट्झेल यांनी सुरू केली, आता बरीच वर्षं मार्कस बॉइंटन सांभाळतात. परवाना एलजीपीएल २.१, म्हणजे गिऱ्हाइकाच्या व्यावसायिक साइटवर बिनदिक्कत वापरा, पैसे नाहीत. वेबसाइटी बनवायच्या वर्डप्रेसच्या पोटातही मेल पाठवायला हीच बसवलेली आहे, त्यामुळे तुम्ही नाव ऐकलं नसलं तरी तिच्या हातची पत्रं तुम्हाला नक्की आलेली असणार.

काम कसं करते? शिपायाच्या हातात पत्र न देता स्वतः पोस्टात जाते. तुमच्या डोमेनवर एक खरीखुरी पेटी उघडा, चौकशीसाठी वेगळी. तिचा सर्व्हर, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर), यूजरनेम, पासवर्ड पीएचपीमेलरला द्या. ती एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या भाषेत, त्या सर्व्हरशी बोलते, पासवर्ड दाखवते आणि पत्र देऊन त्याची पोच घेते. ही पोच गिऱ्हाइकाच्या घरची नव्हे, पहिल्या ठाण्याची, हे लक्षात ठेवा. पण आधी माझ्याकडे तीही नव्हती.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा डीबग. तो चालू केला की दोन सर्व्हरांचं बोलणं पडद्यावर ओळीने दिसतं. पलीकडचा २२० म्हणून दार उघडतो, आपण 'एहलो' म्हणून नमस्कार घालतो, तो २५० म्हणतो, पासवर्ड पटला की २३५, मजकूर घ्यायला तयार झाला की ३५४, शेवटी २२१, या आता. ही बोलीभाषा १९८२ सालची, अण्णांच्या सगळ्यात जुन्या लेथच्या वयाची. मी हे अण्णांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे तर ट्रंक कॉलवानी झालं." अगदी तसंच आहे. आणि गडबड झाली तर कुठल्या वाक्यावर झाली ते कळतं. माझं पहिल्यांदा ५३५ वर अडलं: पासवर्ड कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा आली होती. जुन्या पद्धतीत हे मला जन्मात कळलं नसतं.

पण काम झाल्यावर डीबग बंद करा. लायब्ररीबरोबर येणाऱ्या 'रीडमी' माहितीतल्या नमुन्यात तो चालूच असतो, आणि तसाच चिकटवला तर हा सगळा ट्रंक कॉल गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उमटतो. मी दोन तास तो तसाच ठेवला होता. सांगोल्याच्या एकाने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "हे पैसे भरायचं पान आहे काय?"

बसवायला काय लागतं? इंग्रजी मार्गदर्शक पहिल्याच ओळीत कंपोझर, म्हणजे लायब्ररी आपोआप उतरवून बसवणारं साधन, वापरा म्हणतो. शंभर-दीडशे रुपये महिन्याच्या होस्टिंगवर, जिथे फाइल मॅनेजरमधूनच सगळा कारभार चालतो, तिथे कंपोझर कुठला! त्याची गरजही नाही. झिप उतरवा आणि त्यातल्या तीनच फाइली घ्या: पीएचपीमेलर, एसएमटीपी आणि एक्सेप्शन. त्या एका फोल्डरमध्ये टाकून आपल्या स्क्रिप्टमध्ये वर जोडा. झालं. एक ताप मात्र आहे. २०१७ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा फाइलींची नावं आणि मांडणी बदलली, आणि शोधल्यावर सापडणारे निम्मे नमुने अजून पाचव्या आवृत्तीचे असतात. 'क्लास.पीएचपीमेलर' किंवा 'ऑटोलोड' नावाची फाइल जोडा असं कुणी सांगत असेल तर तो जुनं पंचांग वाचतोय असं समजा.

पाचवी आवृत्ती नुसती जुनी नाही, धोक्याचीही आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिच्यात असं भोक सापडलं की फॉर्ममध्ये विचित्र पत्ता भरून परका माणूस तुमच्या सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवू शकेल. ५.२.१८ मध्ये डागडुजी केली, ती पुरली नाही, काही दिवसांतच ५.२.२० काढावी लागली. हे वाचल्यावर मी रात्री बाराला उठून माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या साइटी तपासल्या. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर त्याच्या आधीची प्रत निघाली. कुणी घुसलं नव्हतं. नशीब.

आता पोर्ट. इथे माझा अख्खा रविवार गेला. ४६५ आणि ५८७ असे दोन आहेत. ४६५ वर पहिल्या शब्दापासून बोलणं कुलूपबंद. ५८७ वर आधी उघड नमस्कार, मग 'स्टार्ट टीएलएस' म्हणून कुलूप. मी पोर्ट ४६५ दिलं आणि पद्धत ५८७ ची लावली. एरर येईल असं वाटलं, तर काहीच येईना. पान नुसतं गोल गोल फिरतंय. कारण पीएचपीमेलर मुळात ३०० सेकंद, म्हणजे तब्बल पाच मिनिटं वाट बघते. रसवंती टाकायला निघालेला माणूस पाच मिनिटं थांबतो होय? तो बटण पुन्हा दाबतो, मग पुन्हा. ही मुदत मी पंधरा सेकंदांवर आणली.

पोर्ट २५ च्या नादी लागू नका. ते सर्व्हरासर्व्हरांमधलं पोर्ट, आणि बऱ्याच होस्टिंगांवर बाहेर जायला बंदच असतं.

त्यानंतर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचं भांडण. मी सर्व्हरच्या जागी 'मेल' आणि पुढे अण्णांचं डोमेन असा पत्ता दिला, पण समोरून आलेल्या प्रमाणपत्रावर होस्टिंगवाल्यांच्या मूळ सर्व्हरचं नाव. पीएचपी म्हणालं, दारावर पाटी वेगळी आहे, मी आत जात नाही. यावर जागोजागी सापडणारा उपाय म्हणजे तपासणीच बंद करणाऱ्या चार ओळी. कृपा करून त्या चिकटवू नका. पाटी वाचायचीच नसेल तर कुलूप लावून उपयोग काय? पॅनेलमध्ये सर्व्हरचं खरं नाव लिहिलेलं असतं, ते घाला. एका मिनिटाचं काम. होस्टिंगच्या चॅटवर मात्र चाळीस मिनिटं मला 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे' एवढंच ऐकायला मिळालं होतं.

मग पहिलं पत्र पोचलं. इनबॉक्समध्ये. अण्णा खूश. उघडलं, तर मजकुराच्या जागी डोक्यावर रेघा मारलेली फ्रेंच अक्षरं, मध्येच पाउंडाची खूण, मध्येच चौकोन. डीटीपीच्या दिवसांत आपला फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की जे दिसायचं, हुबेहूब तेच! मला एकदम पंचवीस वर्षांपूर्वीचा पतसंस्थेचा अहवाल आठवला. कारण साधं आहे. पीएचपीमेलर मजकूर आयएसओ ८८५९-१ मधला, म्हणजे पश्चिम युरोपातला, असं मुळातच धरून चालते. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवायच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइटांचं. ती तिघं सुटी सुटी वाचली की अशी फ्रेंच वरात निघते. चारसेटच्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलं की मजकूर आणि विषय दोन्ही सरळ होतात. एक ओळ. पण आजच्या काळात ती मला लिहायला लागावी? अर्धा तारा इथे कापला.

फ्रॉमचा घोळ निस्तरणं सगळ्यात सोपं निघालं. 'सेट फ्रॉम'मध्ये आपल्या डोमेनचा चौकशीचा पत्ता, 'अ‍ॅड रिप्लाय टू'मध्ये गिऱ्हाइकाचा. उत्तर त्यालाच जातं, आणि आपण कुणाची खोटी सही करत नाही.

इथे मात्र एक खड्डा आहे, आणि आपल्याकडच्या धंद्यात तो हमखास लागतो. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ईमेल नाही. कुणी तो रकाना मोकळा सोडतं, कुणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतं, एकाने तिथे गावाचा पिनकोड लिहिला होता. पीएचपीमेलर पत्ता तपासते, ते चांगलंच. पण नमुन्याप्रमाणे लिहिलं तर चुकीचा पत्ता दिसताच ती हात वर करते आणि अख्खी चौकशीच बोंबलते. म्हणून रिप्लाय-टूची ओळ पत्ता बरोबर असेल तरच चालवायची, आणि फॉर्ममध्ये सक्ती मोबाइल नंबरची करायची. शिवाय आता मी मेल पाठवायच्या आधी चौकशी सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहून ठेवतो, लोकांना उघडता येणार नाही अशा फोल्डरमध्ये. मेल गेलं नाही तर त्याच ओळीपुढे पीएचपीमेलरने दिलेलं कारण. आणि हिरवं 'धन्यवाद' फक्त पोच आली तरच; नाहीतर 'पाठवता आलं नाही, कृपया या नंबरवर फोन करा.'

पीएचपीमेलर जे करत नाही तेही सांगतो, कारण मला वाटलं होतं करेल. आपल्या डोमेनच्या नावाने कोण पत्र पाठवू शकतो याची नोंद डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, आपल्यालाच करावी लागते. ही एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच चालते. मी जुनी तशीच ठेवून खाली नवीन टाकली, आणि दोन झाल्यामुळे दोन्ही बाद. पत्र आपल्याच डोमेनचं आहे हे पटवणारी डीकेआयएमची सही होस्टिंगच्या पॅनेलमधून एका बटणावर चालू झाली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला या दोनपैकी निदान एक हवंच असतं, पत्रं कितीही कमी असोत. बरोबर झालं की नाही बघायचं तर संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडून तीन टिंबांखालची मूळ संदेश दाखवायची ओळ दाबा. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे 'पास' दिसलं तेव्हा मला दहावीच्या निकालाइतकं हायसं वाटलं.

रोबोंपासूनही ती वाचवत नाही. फॉर्म चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आलेल्या एकोणीस चौकश्यांपैकी बारा 'आपली वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो' अशा होत्या. माणसाला न दिसणारा एक रकाना फॉर्ममध्ये ठेवला. तो भरून आला की चौकशी टोपलीत. बरीच वर्दळ थांबली.

आणि एक गंमत. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आज एकच आली." फाइलीत सात होत्या. सगळ्यांचा विषय 'नवीन चौकशी', पाठवणारा एकच, त्यामुळे जीमेलने त्या एकाखाली एक घडी घालून ठेवलेल्या! आता विषयात गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव येतं. हा काही लायब्ररीचा दोष नाही, पण कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जीमेलचाच सर्व्हर वापरून पाठवावं का? इचलकरंजीच्या एका क्लासच्या साइटवर मी तसं केलंय. चालतं. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. नेहमीचा पासवर्ड देऊन चालण्याचे दिवस ३० मे २०२२ ला संपले. फ्रॉममध्ये तुम्ही काहीही लिहा, जोडून ठेवलेला पत्ता नसेल तर तिथे ते जीमेलचाच पत्ता घालतात. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो. सरांनी जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, पासवर्ड बदलला. पण या वेळी फाइलीत त्याच दुपारी 'कुड नॉट ऑथेंटिकेट' अशी ओळ उमटली, आणि चार चौकश्या तिच्यासकट सुरक्षित होत्या. संध्याकाळी सात वाजता नवीन पासवर्ड टाकून मी जेवायला बसलो.

ज्यांची साइट वर्डप्रेसवर आहे त्यांनी हे वेगळं उतरवू नये, आत आहेच. एसएमटीपीचं एखादं प्लगइन लावलं की भागतं. दिवसाला हजारो पत्रं पाठवायची असतील तर पैसे देऊन मिळणाऱ्या मेलसेवा बघा. दिवसाला दहा-वीस चौकश्या येणाऱ्या वर्कशॉपला, क्लासला, हॉटेलला पीएचपीमेलर पुरून उरते. साडेचार तारे.

अण्णांचा धाकटा म्हणतोय, हे सगळं काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण टाका. तेही टाकलंय. चौसष्ट परतपत्रांतल्या सगळ्यांना त्यानेच एकेक करून फोन लावले. बहुतेकांनी मशिन दुसरीकडून घेतलं होतं. तीन रोलरचे दोन नग मागणाऱ्याने फोन उचलला आणि म्हणाला, एक घेतलंय, दुसरं अजून घ्यायचंय, पण कोटेशन ईमेलवरच पाठवा. ते मी पीएचपीमेलरनेच पाठवलं, पीडीएफ जोडून. अण्णांनी मात्र खात्री म्हणून त्याला परत फोन करून विचारलंच, "आलं काय?"